उधार, चार नाल

वडील माणसांना चेहऱ्यानं फारसं ओळखत नसत,
घोड्यांना मात्र खुरांवरून.
"प्रोबर्ट मागच्या डाव्या पायाला बाहेरून झिजतो," म्हणायचे.
मला बरीच वर्षं कळलं नाही
प्रोबर्ट हे घोड्याचं नाव की मालकाचं.

लग नदीच्या अलीकडे, चर्चच्या भिंतीला पाठ लावून
आमची भट्टी. प्रॉसर लोहार.
वडील, आजोबा, आणि त्यांच्याही आधी एक बाई, मार्जरी.
नवरा गेल्यावर अकरा वर्षं तिनं घण चालवला.
चर्चच्या फाटकाची कडी तिनं घडवलेली आहे.
तिचं नाव कुठल्याच दगडावर नाही,
पण दर रविवारी अख्खं गाव
तिच्या कामाला हात लावून आत जातं.

मी भाता ओढायचे, सातव्या वर्षापासून.
दांड्याच्या टोकाला गाईचं शिंग,
माझ्या आधीच्या हातांनी गुळगुळीत केलेलं.
"जोरात नको, लांब ओढ," वडील सांगायचे,
"आगीला श्वास लागतो, धाप नाही."

दारासमोर जमिनीत बसवलेलं लोखंडी तबक.
त्यावर चाक उताणं पाडायचं,
तिघांनी तीन सांडशांत धरून लाल धाव आणायची,
आणि मग घटकाभर नुसतं लाकूड, जाळ, शिव्या, पाणी.
धाव आवळत गेली की चाक कण्हायचं.
शाळेची पोरं तेवढ्यासाठी थांबायची.

तेवीस नोव्हेंबरला, संत क्लेमेंटच्या दिवशी,
ऐरणीच्या भोकात दारू ठासून बार उडवायचा.
पाद्रीबाईंच्या कोंबड्या मग आठवडाभर
अंडी देत नसत, निदान तसं त्या म्हणायच्या.
पैसे नाताळला. तोवर सगळं वहीत:
फाळ शेवटला, दोन शिलिंग.
गफच्या आजीचा दात, फुकट.

चौदा सालच्या ऑगस्टात, अर्धा गहू उभा असताना,
यादी घेऊन लष्कराचा माणूस आला.
दोन रात्री भट्टी विझली नाही.
सव्वीस घोडे. बाहेरून चार खिळे, आतून तीन,
आणि प्रत्येक नालाच्या टाचेवर
पोगरानं एक ठिपका, त्यांचा नेहमीचा.
स्कर्मची डॅम्सन शेवटी. पिकल्या आलुबुखारासारखी घोडी,
खूर हातात देऊन डुलक्या काढायची.

ऑक्टोबरात अ‍ॅम्ब्रोस गफचं पत्र आलं, फ्रान्सहून.
दारूगोळ्याच्या गाडीला एक ओळखीची घोडी दिसली.
चिखल खरवडून खूर उचलला, तर टाचेवर ठिपका.
"मग मी जरा वेळ तिच्यापाशीच बसलो," असं त्यानं लिहिलं होतं.

वडिलांनी पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.
बोटांवर मोजलं.
"नऊ आठवडे," म्हणाले, "खूर वाढला असेल.
नाल पुढे सरकला असेल. कुणी बघतंय का तिकडे?"
आणि मला भाता ओढायला लावला.
रात्रीपर्यंत चार नाल तयार झाले.
वहीत लिहिलं: स्कर्म, डॅम्सन, चार नाल, बाकी.
स्कर्म नाताळला बाकी द्यायला आले
तर घेतली नाही. "काम पुरं झालेलं नाही."

पुढे ट्रॅक्टर आले. धावेऐवजी रबर आलं.
तबकाशेजारी पेट्रोलचा पंप बसला
आणि वडील गेल्यावर तो मीच चालवते;
हातात पुन्हा एक दांडा, एवढंच.
भट्टीच्या जागी टायरांची चळत.

गेल्या शनिवारी बर्मिंगहॅमचं जोडपं थांबलं, नवी गाडी.
बाई आत डोकावल्या. "ते चार नाल विकता का?
दारावर लावायला, शकुनाचे."
मी म्हटलं, ते गिऱ्हाइकाचे आहेत.

मग तेलाचा बोळा घेऊन स्टुलावर चढले.
दमट हवा, नदी जवळ. गंज लगेच धरतो.